साळुबाईची लिली

साळुबाईला खोटं बोलणं जमत नाही, असं तिच्या सासरमाहेरची सगळी माणसं सांगत. लहानपणी फडताळातला गूळ चोरून खाल्ला, तर आईनं विचारायच्या आधीच हिचे कान लाल व्हायचे. अशा बाईनं आयुष्यात एकच खोटं धडपणे सांगितलं, आणि ते पुरी बारा वर्षं टिकलं. ते खोटं एका फुलाबद्दल होतं.

फूल म्हणजे लिली. आता लिली म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं येते ती पावसाळ्यात वाफ्याच्या कडेनं उगवणारी, दिसायला बरी आणि वासाला शून्य. ही तसली नव्हती. गुडघ्याच्या वर जाणारा ताठ दांडा, दांड्याला चार-पाच कळ्या, आणि कळी उमलली की पाकळीच्या आत पाकळी, तिच्या आत आणखी पाकळी. मोजायला बसलं तर मोजणाराच कंटाळेल. रंग पांढरा, बुडाशी जरासा गुलाबी. वास असा, की संध्याकाळी रस्त्यानं चाललेला सायकलवाला पायडल मारायचं विसरायचा. पुस्तकात तिला काय म्हणत असतील ते असो, गावात तिचं नाव डबल लिली.

गाव घोडेगावच्या पुढं, डिंभ्याच्या रस्त्याला. साळुबाईचं घर भैरोबाच्या देवळाला लागून, आणि शेत ओढ्यापलीकडं. शेताची पायवाट बौद्धवस्तीच्या कडेकडेनं जायची. त्या वाटेवरचं शेवटचं, अगदी ओढ्याकाठचं घर जानकाबाईचं. जानकाबाईचा नवरा धर्माजी पुण्याला एका लष्करी साहेबाच्या बंगल्यावर माळी होता. साहेबाची बदली झाली तेव्हा बाईसाहेबांनी त्याला अर्धं पोतं कंद दिले, आणि ते कसे जपायचे तेही शिकवलं. धर्माजीनं नोकरी संपल्यावर गावी येऊन घराच्या भिंतीला लागून ते लावले. दरवर्षी वैशाखी पौर्णिमेला सगळ्यांत मोठं फूल विहारात जायचं. बाकीची कुंपणाच्या आत उमलायची आणि वास मात्र कुंपणाबाहेर फिरायचा.

१९९३ साली साळुबाईची चाळिशी जवळ आली होती. डोक्यावर गवताचा भारा घेऊन ती संध्याकाळी त्या वाटेनं यायची. एके दिवशी शेराच्या हिरव्या कांड्यांच्या कुंपणाशी येऊन ती थांबली ती थांबलीच. भाऱ्यानं मान अवघडली तरी हलेना. आतून जानकाबाईनं विचारलं, पाणी हवं का? साळुबाई म्हणाली, पाणी नको, हे काय लावलंय ते सांग. तिथून दोघींचं जमलं. वयानं जवळपास सारख्या, दोघींनाही मातीत हात घालायची हौस, आणि दोघींचेही नवरे बोलण्यात कंजूष. कुंपणाच्या अल्याडपल्याड उभं राहून दोघी तास तास बोलायच्या. कुंपण ओलांडून आत मात्र साळुबाई गेली नव्हती. तिला कुणी जाऊ नको म्हटलं नव्हतं. तसं म्हणावंच लागत नसे.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर जानकाबाईनं कंद उकरले आणि साळुबाईला आत बोलावलं. चहा टाकते म्हणाली. साळुबाईनं आधी मागं वळून वाटेकडं पाहिलं. वाटेवर कुणी नव्हतं. मग ती घराच्या मागच्या अंगाला, धुण्याच्या दगडावर बसली आणि तिथं तिनं चहा घेतला. चहा चांगला होता, आलं घातलेला. पिऊन झाल्यावर तिनं पदरानं ओठ पुसले. पुन्हा एकदा पुसले.

"जानके, घरी कुनाला बोलू नको बरं का," ती म्हणाली.

जानकाबाई डब्यात कंद भरत होती. तिचा हात थांबला नाही. "न्हाई सांगत," ती म्हणाली.

डबा स्टीलचा, पाच शेराचा, घरातला सगळ्यांत चांगला. धर्माजी नोकरीत कायम झाला तेव्हा त्यानं पुण्याच्या बोहरी आळीतून घेतलेला, आणि दुकानातच त्यावर नाव टाकून घेतलेलं: 'सौ. जानकाबाई हिस धर्माजीकडून सप्रेम.' फुटक्या टोपलीत कंद दिले असते तरी साळुबाई खूश झाली असती. पण जानकाबाईनं तोच डबा काढला, आणि वर सगळी कृती सांगितली. कंदाला थंडी हवी असते. कोरड्या वाळूत घालून पाण्याच्या माठाखाली ठेवायचे, माठ पाझरतो त्या गारव्यानं कंद झोपतो. संक्रांत झाली की लावायचे, एक वीत अंतर सोडून. पान पिवळं पडेपर्यंत कापायचं नाही. आणि दर दिवाळीनंतर उकरायला चुकायचं नाही, नाहीतर पुढच्या वर्षी नुसती पानंच येतात.

घरी पोचायच्या आधीच साळुबाईनं डबा पदराखाली घेतला. सासू, बायडाबाई, ओट्यावरच बसलेली असायची. बायडाबाई वाईट बाई नव्हती. सुनेला तिनं कधी उपाशी ठेवलं नाही, हात उगारला नाही. पण शिवाशिवीच्या बाबतीत ती अशी कडक, की अंगणात सावली कुणाची पडली हेसुद्धा ती बघायची. साळुबाईनं मागच्या दारानं जाऊन कंद सुपात ओतले आणि डबा कोंबड्यांच्या खुराड्यामागं ठेवला. बायडाबाईनं सूप पाहून विचारलं, हे कुठून आणलंस?

"दादानं पुण्याहून पाठवलेत," साळुबाई म्हणाली.

कान लाल झाले असतील, पण बायडाबाईला त्या वयात तेवढं दिसत नव्हतं. कंद पुण्याहून आले हे तर खरंच होतं, असं साळुबाईनं स्वतःला त्या दिवशी समजावलं. पुढंही पुष्कळदा समजावलं.

डबा परत करायचा राहिला. आपल्याकडं दुसऱ्याच्या घरचं भांडं रिकामं धाडत नाहीत, मूठभर तांदूळ तरी घालून देतात. शेंगदाण्याचे लाडू करून डबा भरून द्यायचा असं साळुबाईनं ठरवलं होतं. पण लाडू वळताना बायडाबाई विचारणार, कुणाला? लाडवाविना डबा नेला तर जानकाबाई काय म्हणेल? असं करता करता आठवडा गेला, महिना गेला. डबा सांदीत तसाच पडून राहिला. पुढं उन्हाळ्यात कुणीतरी, बहुतेक सयाजीनं, म्हणजे साळुबाईच्या नवऱ्यानं, तो हाताला लागला म्हणून त्यात कोंबड्यांना पाणी ठेवलं. साळुबाईनं ते पाहिलं. तिला डबा उचलता आला असता. तिनं उचलला नाही, कारण घासून घरात घेतला असता तर नाव सगळ्यांना वाचता आलं असतं. तिनं डबा फिरवून नावाची बाजू भिंतीकडं केली. इतका वेळ जे झालं ते झालं होतं, पण हे मात्र तिनं स्वतःच्या हातानं केलं, आणि त्याची तिला शेवटपर्यंत लाज वाटली.

चैत्रात लिली फुलली. भिंतीपलीकडं देऊळ, त्यामुळं वास थेट गाभाऱ्यात. गेणभाऊ गुरव वास घेत घेतच अंगणात आला आणि यात्रेला भैरोबासाठी फुलं मागून गेला. पालखीवर पांढऱ्या लिलीची माळ पाहून बाया हात लावून बघत होत्या, कागदाची तर नाही ना म्हणून. साळुबाईची लिली, साळुबाईची लिली असं सगळीकडं झालं. यात्रेला तिचा भाऊ बाजीराव पुण्याहून आला होता. त्याला गुलाब आणि जास्वंद यांतला फरक सांगता आला नसता. पण चार माणसांनी येऊन कंदाबद्दल विचारल्यावर गडी क्षणभरच गोंधळला. बहिणीच्या चेहऱ्याकडं त्यानं एकदा पाहिलं आणि मग जेवणाच्या पंगतीत तो लिलीला खत कसलं घालायचं यावर बोलू लागला. दुसऱ्या वर्षी तर त्यानं कंद हुडकायला कुठं कुठं फिरलो तेही सांगितलं. साळुबाई वाढत होती. तिनं मान वर केली नाही.

आणि तरी फुलांचा आनंद तिला झाला नाही असं कसं म्हणावं? व्हायचा. संध्याकाळी पाणी घालताना ती कळ्या मोजायची. शेतावरून येताना कुंपणाशी थांबून जानकाबाईला सांगायची, आज तीन उमलल्या, आज पाच. जानकाबाई मनापासून ऐकायची, मावा पडला तर तंबाखूचं पाणी मार म्हणायची. डब्याचं तिनं कधी विचारलं नाही. फुलं देवाला वाहतेस का, असं एकदा विचारलं, आणि हो म्हटल्यावर खुरपं उचललं. सहा वर्षं हे असं चाललं, आणि साळुबाईला वाटू लागलं की हे असंच चालेल.

१९९९ च्या मे महिन्यात घोडेगावला महिला मेळावा भरला. परसबागेच्या स्पर्धेत साळुबाईचा पहिला नंबर आला. मांडवात दोनएकशे बाया, समोर टेबलावर तिच्या लिलीचे सहा दांडे पितळी तांब्यात, आणि वास सगळ्या मांडवात. बक्षीस द्यायला आलेल्या मॅडम हौशी होत्या. त्यांनी साळुबाईच्या हातात माइक दिला आणि विचारलं, ताई, एवढं दुर्मीळ फूल, कंद आणलेत कुठून?

साळुबाईनं समोर पाहिलं. तिसऱ्या रांगेत, वस्तीतल्या बायांबरोबर, जानकाबाई बसली होती. पांढरं पातळ, चेहरा धुतलेला लख्ख, आणि तोंडभर हसू. ती साळुबाईकडं असं बघत होती, जसं बक्षीस तिच्याच घरात आलंय. आणि तिच्या मागच्या रांगेत भावकीतल्या साताठ बाया. बायडाबाई घरी अंथरुणावर होती, तिला हे कळायला संध्याकाळही लागली नसती.

खरं सांगायला दोन शब्द पुरले असते. आमच्या जानकाबाईनं दिले, एवढंच.

"माज्या भावानं आनले," साळुबाई माइकवर म्हणाली. "पुन्याहून."

टाळ्या झाल्या. जानकाबाईनं मान खाली घातली, मांडीवरचा पदर सारखा केला, आणि सगळ्या टाळ्या वाजवत होत्या तशा तिनंही वाजवल्या. साळुबाईनं ते दोन हात पाहिले. बक्षीस म्हणून मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ घेऊन ती घरी आली तेव्हा सयाजीनं ते लगेच खिळ्याला लावलं. तिला त्या घड्याळाकडं बघवेना. वेळ विचारायला ती शेजारी जायची.

जानकाबाई भांडली असती तर बरं झालं असतं. चार शिव्या दिल्या असत्या, केस धरले असते, तर साळुबाईला रडता आलं असतं. पण जानकाबाई भांडली नाही. आठ दिवसांनी बाजारात दोघी समोरासमोर आल्या, तेव्हा तिनं थांबून विचारलं, "बऱ्या हायेत ना तुमी?" आजवर ती साळू म्हणायची. साळुबाई बरी आहे म्हणाली आणि मेथीची जुडी न घेताच निघाली. त्या दिवसापासून तिनं शेताची वाट बदलली. कालव्याच्या बाजूनं, अर्धा कोस लांब पडणारी. सयाजीनं विचारलं तेव्हा म्हणाली, तिकडं सावली आहे. सावली तिकडं अजिबात नव्हती.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. बायडाबाई दोन हजार साली गेली. ती गेल्यावर खोट्याचं कारणच गेलं होतं, पण खोटं आता घरातल्या माणसासारखं होऊन बसलेलं, त्याला जा म्हणायला जीभ रेटेना. २००३ च्या थंडीत धर्माजी गेला. साळुबाई निघाली भेटायला, जुन्या वाटेनं, शेराच्या कुंपणापर्यंत गेली. आत माणसं बसलेली. जानकाबाई भिंतीला टेकून, आणि तिच्या पायाशी लिलीचे वाफे, नुकतेच उकरलेले. कोणत्या तोंडानं आत जायचं? फुलाच्या धन्याला आपण गावात मरायच्या आधीच नाहीसं केलं होतं. कुंपणाची एक कांडी मोडून, ती हातात चुरगाळत ती परत आली.

मग २००५ चा पावसाळा आला. श्रावणात तीन दिवस पाऊस धरून राहिला. डिंभ्याच्या धरणाचं पाणी सोडलं, ओढ्याला फुगवटा आला आणि ओढा काठ सोडून वस्तीत शिरला. जानकाबाईचं घर उभं राहिलं, पण मागची भिंत, कुंपण आणि भिंतीलगतची सगळी माती एका रात्रीत खरवडून गेली. दुसऱ्या दिवशी साळुबाईनं पलीकडच्या काठावरून पाहिलं. जिथं वाफे होते तिथं गोटे होते. जानकाबाई वाकून गोट्यांमध्ये हातानं काहीतरी चाचपत होती. धर्माजीच्या हातचं तेवढंच उरलं होतं, आणि आता तेही नव्हतं.

साळुबाईच्या अंगणात त्या वेळी सत्तर रोपं उभी होती.

ती वाट बघत राहिली, जानकाबाई मागायला येईल याची. मागितले तर लगेच देऊ, असं ती रोज मनाशी म्हणायची, जणू त्यात मोठंच औदार्य होतं. जानकाबाई आली नाही. गणपती गेले, नवरात्र गेलं.

दिवाळीच्या आवरासावरीत नव्या सुनेनं, आरतीनं, खुराडंसुद्धा सोडलं नाही. मुलगी आणे पठारावरची, पाण्याची टंचाई पाहिलेली, त्यामुळं भांडं दिसलं की घासून उपयोगात आणायचं हा तिचा स्वभाव. बारा वर्षांचं किटण चिंचेनं आणि राखेनं काढून तिनं डबा उन्हात धरला आणि ओट्यावरून हाक मारली. "आत्या, ह्या जानकाबाई कोन?"

सयाजी पेपर वाचत होता. त्यानं पेपर खाली केला नाही.

साळुबाई म्हणाली, हाय एक वस्तीतली. आरतीनं डबा फिरवून पुन्हा नाव वाचलं, सप्रेमसकट. मग तिला जे वाटलं ते ती सरळ बोलली. "नवऱ्यानं दिल्याला डबा हाय, आत्या. त्यात आपुन कोंबड्यांना पानी ठिवलं?"

त्यात तक्रार नव्हती, नवल होतं. साळुबाई स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. बावन्न वर्षांच्या बाईला त्या क्षणी आईसमोर गूळ खाऊन उभं राहिल्यासारखं झालं. फक्त ह्या वेळी विचारणारी पोर तिच्या मुलाहून लहान होती.

दुसऱ्या दिवशी तिनं सत्तर कंद उकरले. त्यातले मोठे, घट्ट, वजनाला चांगले असे निवडून डबा गच्च भरला. झाकण बसेना तेव्हा चार कमी न करता वरून फडकं बांधलं. भर दुपारी ती पुढच्या दारानं निघाली, जुन्या वाटेनं. मनात ठरवलं होतं, कुणीही विचारलं तरी खरं सांगायचं. देवळाच्या पायरीवर गेणभाऊ बसला होता. त्यानंच विचारलं, "काय साळुबाई, डब्यात काय हाय?"

"कंद," साळुबाई म्हणाली.

"कुनाला?"

"शेतात लावायचेत," ती म्हणाली, आणि पाय उचलून पुढं गेली.

वीस पावलांवर गेल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. कुणी धाक घातला नव्हता, बायडाबाई नव्हती, भावकी नव्हती. नुसता एक म्हातारा गुरव पायरीवर बसला होता. डबा कडेवर असा जड झाला की तिला तो दोनदा खाली ठेवावा लागला.

जानकाबाई दारातच होती. मागच्या भिंतीच्या जागी पत्रा लावला होता. साळुबाईनं डबा तिच्यापुढं ठेवला आणि फडकं सोडलं. जानकाबाईनं एक कंद उचलला, अंगठ्यानं दाबून पाहिला, माती झटकली. मग डब्यावरच्या नावावरून हात फिरवला. पाण्याच्या खुणेचं एक काळं कडं डब्यावर राहिलंच होतं, ते काही चिंचेनं गेलं नव्हतं. तिनं त्यावरूनही बोट फिरवलं. कशाची खूण ते तिनं विचारलं नाही.

"चांगले जोपासले तुमी," ती म्हणाली. "बसा. च्या टाकते."

साळुबाई आतच बसली. जानकाबाईनं स्टोव्ह पेटवला. कोपऱ्यात माठ, आणि माठाखाली वाळूचं घमेलं, रिकामं. पूर येऊन तीन महिने झाले तरी तिनं ते तिथून हलवलं नव्हतं. चहा आला, आलं घातलेला. साळुबाईनं कप हातात घेतला आणि सवयीनं म्हणा, भीतीनं म्हणा, तिची नजर दाराकडं गेली. जानकाबाईनं ती पाहिली.

"प्या निवांत," ती म्हणाली. "मी कुनाला सांगत न्हाई."

टोमणा असता तर सोसला असता. पण तो टोमणा नव्हताच. बारा वर्षांपूर्वी दिलेला शब्द जानकाबाईनं जपला होता, आणि अजून जपायची तयारी होती, एवढंच त्यात होतं. साळुबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती उठली, कप घेऊन बाहेर आली आणि घरापुढच्या ओट्यावर, अगदी वाटेला पाय लागतील अशी बसली. येऊ दे कोण यायचं ते. बघू दे.

कुणीच येईना. दुपारची वेळ, वाट ओस पडलेली. एक कुत्रं आलं, वास घेऊन गेलं. चहावर साय धरली. जानकाबाई दारात उभी राहून बघत होती, ती शेवटी म्हणाली, आत या, ऊन लागतंय. साळुबाई हलली नाही.

पाऊण तासानं सायकल आली. गेणभाऊच होता, ओढ्यापलीकडं बेलाची पानं आणायला निघालेला. साळुबाई उभी राहिली.

"गेणभाऊ, थांबा. मी मघा खोटं बोलले. कंद जानकाबाईला द्यायला आनलेत. लिली तिचीच हाय. तिनंच मला दिली व्हती. भावानं काय आनली न्हाई."

गेणभाऊनं एक पाय जमिनीला टेकवला. त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही. उलट, हिला आज हे काय सुचलं, असा तो बघत होता.

"ठावं हाय की," तो म्हणाला. "समद्या गावाला ठावं हाय. ह्या वाटंनं कोन जात न्हाई? धर्माजीच्या लिलीचा वास कुनाला ठावं न्हाई? तुमी भावाचं नाव घेतलंत म्हून तर बरं झालं. देवाला वाहता आली."

आणि पायडल मारून तो गेला.

साळुबाई तशीच उभी राहिली. गेणभाऊला ठाऊक होतं. भावकीतल्या बायांना ठाऊक होतं, त्या मांडवात टाळ्या वाजवताना. सयाजीला ठाऊक होतं, पेपराआड. कोण जाणे, बायडाबाईलाही ठाऊक असेल, त्या पहिल्या दिवशी, सुपाकडं बघताना. तिनं एकटीनं लपवलं असं तिला बारा वर्षं वाटत होतं, आणि सगळं गाव मिळून लपवत होतं. तिनं खोटं सांगावं ही सगळ्यांची सोय होती, आणि ती सोय तिनं पुरवली होती.

तिनं मागं वळून पाहिलं. जानकाबाईच्या चेहऱ्यावरही नवल नव्हतं.

"तुला ठाऊक व्हतं?" साळुबाईनं विचारलं. "गावाला ठाऊक हाय, ह्ये?"

"पालखी हितनंच जाती," जानकाबाई म्हणाली. "माळ ओळखू येत न्हाई व्हय मला? आन् पालखी न्हेनाऱ्यांना?"

मग ती आत गेली. माठाखालचं घमेलं तिनं पुढं ओढलं, वाळू हातानं सारखी केली आणि डब्यातले कंद एकेक करून त्यात निजवायला लागली, शेंडा वर, बूड खाली. साळुबाईनं गार झालेला चहा सायीसकट पिऊन टाकला. ओठ पुसायला पदर उचलला, आणि सोडून दिला. मोरीवर जाऊन तिनं कप विसळला, पालथा घातला, आणि येऊन घमेल्याच्या दुसऱ्या बाजूला बसली. जानकाबाईनं डबा मध्ये सरकवला. कंद पुष्कळ होते, तिन्हीसांजेपर्यंत पुरले.